तलाव क्रमांक एक्केचाळीस

नागपूर,
२८ सप्टेंबर २०२५

बाबा,

वर नमस्कार लिहिलेला नाही. तो राहून गेलेला नाही, मुद्दाम लिहिला नाही. जूनमध्ये तुम्ही बॅग भरून जितूकडे पुण्याला निघालात, तेव्हा रिक्षात बसताना वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. तेव्हा नमस्कार माझ्या हातातच राहिला होता. अजून तिथेच आहे.

फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर वाचल्याची खूण होते, म्हणजे वाचता सगळं, उत्तर तेवढं देत नाही. जितूला मध्ये घालायला गेले तर तो म्हणतो, "ताई, मला यात घेऊ नको, मला बाबांसोबत एका घरात राहायचंय." बरोबर आहे त्याचं. म्हणून पत्र लिहितेय. मी होस्टेलवर होते तेव्हा माझी पत्रं तुम्ही लाल पेननं तपासून परत पाठवायचात, खाली दहापैकी गुण देऊन. सातच्या वर कधी गेला नाहीत. हेही तपासा, पण आधी वाचा.

तुमचा वाचायचा चष्मा इथेच देवघरात राहिला होता. कुरिअरनं वेगळा पाठवतेय. पत्राचं कारण एवढंच, असं लिहून इथेच थांबायचं ठरवलं होतं, पण ते काही जमेना.

आत्याच्या गावाला, खैरगोंदीला, नोटीस लागली आहे. हायवेवरच्या वाडीची गोदामं सरकत सरकत आत्याच्या बांधाला टेकलीत, हे तुम्ही गेल्या भाऊबीजेला बघितलंच आहे. ट्रकच्या धुळीनं संत्र्याची पानं पांढरी झालीत म्हणून तिथेच कोणाला तरी झापलंही होतंत. आता एका गोदामवाल्या कंपनीला आत्याच्या शेतामागचा तलाव बुजवून तिथे ट्रक उभे करायचे आहेत. गंमत म्हणजे नोटिशीत तलाव हा शब्दच नाही. "मुरमाची जुनी खदान" असं लिहिलंय. तलाव बुजवायला कोणी परवानगी देणार नाही, खदान बुजवायला देतात. तलावात आज मासे धरणाऱ्या ढिवरांचे शिंगाडे पसरलेत, काठावर बगळे उभे आहेत, आणि कागदावर ती खदान आहे.

तलाव गेला की आत्याची विहीर जाईल, आणि विहीर गेली की बाग. काका गेल्यावर तिनं ती बाग एकटीनं धरून ठेवली. तिच्याकडे दुसरं काही नाही हे मी तुम्हाला सांगायला नको.

मी हरकत नोंदवली आणि कंपनीचा अहवाल मागून घेतला. रात्री जेवण बाजूला ठेवून वाचायला घेतला. त्यात एक वाक्य आहे, ते जसंच्या तसं उतरवते. "सदर ठिकाणचा तलाव १९७५ पूर्वीच नामशेष झाल्याचे संशोधनाने सिद्ध झाले असून सध्या दिसणारा खड्डा हा त्यानंतरच्या उत्खननाचा आहे. संदर्भ: प्रा. गोपाळराव धोटे, तक्ता ७, तलाव क्र. ४१."

म्हणजे तुम्ही, बाबा. आत्याचा तलाव बुजवायला त्यांनी तुमचं पुस्तक आणलंय.

ते पुस्तक कोणाचं, हे आत्याला अजून सांगितलेलं नाही. ती विचारत असते, "दादाले सांगतलं का वं? तो मोठा प्रोफेसर, त्याच्या शब्दाले वजन आहे." मी म्हणते, सांगितलंय. आता खरंच सांगितलंय. काय करायचं ते कळवा.

दामिनी


नागपूर,
१० ऑक्टोबर २०२५

बाबा,

पाकीट जाड लागलं म्हणून घाईनं फोडलं. आत माझंच पत्र. समासात लाल पेननं एक शब्द, "संदर्भ?", आणि अगदी खाली, "चष्मा मिळाला."

तुमच्या सख्ख्या बहिणीची विहीर आटणार आहे आणि तुम्हाला संदर्भ पाहिजे! डोकं असं फिरलं होतं की पत्र फाडणार होते. मग वाटलं, ठीक आहे, सरांनी विचारलंय तर देऊ. जूनमध्ये तुम्ही मला अर्ध्यात तोडलंत, आता शेवटपर्यंत ऐका. कागदावर तुम्हाला माझं बोलणं तोडता येणार नाही.

बी.ए.च्या मुलांना "नकाशा: माहितीचा स्रोत" हे प्रकरण शिकवत होते. पोरांना पुस्तकातला नकाशा दाखवला की ती झोपतात, म्हणून विभागाच्या कपाटातून १९७५ ची रंगीत टोपोशीट, सर्वेक्षण खात्यानं छापलेला मूळ नकाशा, काढली आणि घरून तुमच्या प्रबंधातलं तिचं झेरॉक्स नेलं. म्हटलं, एकाच भागाचे दोन कागद शेजारी ठेवू आणि तलाव मोजायला लावू. एका बाजूच्या पोरांनी रंगीत शीटवर मोजले, दुसऱ्या बाजूच्यांनी झेरॉक्सवर. आकडे जुळेनात. मी पोरांवरच ओरडले, नीट मोजा म्हणून. पुन्हा मोजले, तरी जुळेनात. मग मी स्वतः मोजायला बसले, आणि वर्गाला लवकर सोडून दिलं.

तुम्हीच शिकवलंय मला. टोपोशीटवर पाणी निळ्यानं छापतात. कोरड्या तलावाची नुसती काळी कड काढतात. तुमच्या काळच्या झेरॉक्स मशीनला फिकट निळा रंग दिसतच नसे, तो पांढरा उमटायचा. नाले कोरडे, म्हणून काळ्या रेघेनं छापलेले, ते सगळे शाबूत राहिले, त्यामुळे तुम्हाला शंका आली नसेल. पण तलावांचं काय झालं ते बघा. ज्यांत पाणी नव्हतं ते कागदावर राहिले आणि ज्यांत पाणी होतं ते उडाले.

पहिल्या महायुद्धानंतरची जुनी शीट तुम्ही ग्रंथालयात बसून ट्रेसिंग पेपरवर हातानं उतरवलीत. ती बरोबरच आहे. १९७५ ची शीट बाहेर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून झेरॉक्स काढून घरी आणलीत. मग दोन्ही शेजारी ठेवून वजाबाकी केलीत आणि म्हणालात, एवढे तलाव पन्नास वर्षांत नामशेष झाले. त्यावर तुम्हाला पदवी मिळाली, पुस्तक निघालं, पुरस्कार मिळाला. बाबा, ते तलाव कुठेही गेले नव्हते. ते फक्त झेरॉक्समध्ये गेले.

झाला संदर्भ देऊन.

आणि हे मी कुठल्या चर्चासत्रात उभं राहून बोलले नव्हते. घरात बोलले होते, तुम्हाला आमरस वाढून झाल्यावर, दार लावून. तुम्ही वाटी सरकवलीत आणि म्हणालात, "तीस वर्षं कोणाले दिसलं नाई, अन् तुले दिसलं? तू माझी परीक्षक आहे काय?" मी म्हटलं, परीक्षक नाही, मुलगी आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही जितूला तिकीट काढायला सांगितलंत.

तुमच्या तक्त्यात नावं नाहीत, नुसते क्रमांक आहेत. टोपोशीटवर एवढ्याशा तलावांना नावं नसतातच. एक्केचाळीस नंबर म्हणजे आत्याच्या मागचा तलाव, हे तुमच्या कधी लक्षातच आलं नाही, असं मी धरून चालतेय. तसं नसेल तर मला सांगू नका.

दामिनी


नागपूर,
१९ ऑक्टोबर २०२५

बाबा,

एसडीओ साहेब, ज्यांच्यापुढे माझी हरकत आहे ते, काल जागा बघायला खैरगोंदीला येऊन गेले. कंपनीकडून कोण आलं होतं माहीत आहे? विक्रम. तुमचा लाडका विद्यार्थी विक्रम, आपल्या घरी बसून ज्यानं स्वतःचा सगळा प्रबंध लिहिला आणि आईच्या हातची निम्मी पुरणपोळी संपवली, तो. तो आता असे अहवाल करून देतो. मला बघून वाकलाच पायाशी, "ताई, सर कसे आहेत?" म्हणून. सर छान आहेत, म्हटलं, पुण्यात लाल पेन घेऊन बसलेत.

तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, उभे होतो आम्ही. समोर सगळा तलाव हिरवागार, ढिवर बाया डोंगीत बसून शिंगाडे तोडून राहिल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "हे पाणी तर दिसतंय." विक्रम म्हणाला, "खदानीत पाणी साचतंच न साहेब." मी म्हटलं, ही पाळ आहे, माणसांनी घातलेली, तिच्यावरची चिंच बघा केवढी आहे. तो म्हणाला, "तो खदानीचा ढिगारा आहे ताई, त्याच्यावर झाड उगवलं." एवढ्या गोड आवाजात बोलत होता की मला त्याला तिथेच तलावात ढकलावंसं वाटलं. मग कळलं असतं खदान आहे की काय ते.

मी मोबाइलमधला रंगीत शीटचा फोटो काढून दाखवला. निळा ठिपका अगदी स्पष्ट आहे. तर विक्रमनं टॅबलेट काढला. त्यावर तीच शीट, तेच साल, आणि ठिपका गायब! मी माझा मोबाइल त्याच्या टॅबलेटशेजारी धरला. मग लक्षात आलं. आमच्या विभागानं नकाशे संगणकावर चढवले तेव्हा मूळ शीट कपाटातून काढायचा कंटाळा केला आणि तुमच्या काळच्या झेरॉक्सच्या गठ्ठ्याचंच स्कॅनिंग करून टाकलं. तुमची चूक आता वेबसाइटवर आहे, कोणीही डाउनलोड करून घ्यावी.

मी विक्रमला बाजूला घेऊन म्हटलं, अरे, निळा रंग उडालाय, तुला कळत नाही का? त्याचा चेहरा खरंच पडला. तो लबाड नाही, बाबा. त्याचा तुमच्यावर विश्वास आहे, तेच अवघड आहे. म्हणाला, "ताई, सरच म्हणायचे न, डोळे फसवतील पण नकाशा नाही फसवत. सर चुकले असं मी कसं लिहू? सरांनी लिहून दिलं तर आज मागे घेतो."

साहेबही तेच म्हणाले. चांगले आहेत, पण त्यांची अडचण खरी आहे. "मॅडम, तुम्ही तासिका तत्त्वावर शिकवता. हे पुस्तक विद्यापीठात लावलेलं आहे. एकाच नकाशाच्या दोन प्रती तुम्ही लोकं माझ्यासमोर धरताय. मी कोणती खरी धरू? लेखकानं स्वतः लिहून दिलं तर प्रश्नच मिटतो." अठरा नोव्हेंबरला सुनावणी ठेवली आहे.

तर आता सगळं तुमच्यावर आलंय. सोबत मजकूर तयार करून पाठवतेय, चारच ओळी आहेत. "तक्ता ७ मधील तलाव क्र. ४१ ची नोंद नजरचुकीने झाली असून सदर तलाव १९७५ मध्ये अस्तित्वात होता." पुस्तकाबद्दल एक अक्षर नाही, पद्धतीबद्दल नाही, बाकीच्या तलावांबद्दल नाही. तुमच्या पुरस्काराला धक्का लागत नाही. एका नंबरची चूक कोणाचीही होते. खाली सही करा आणि पाठवा. मी यापेक्षा कमी काय मागू?

उद्यापासून दिवाळी. भाऊबीजेला आत्याकडे याल ना? तिनं विचारलं नाही, तिनं धरूनच ठेवलंय.

दामिनी


नागपूर,
२४ ऑक्टोबर २०२५

बाबा,

तुम्ही आला नाहीत.

मी काल सकाळीच खैरगोंदीला गेले होते. आत्यानं अंगण सारवून रांगोळी घातली होती, पाट मांडला होता, ताटात सुपारी, करदोडा, सगळं. आणि टोपलीभर उकडलेले शिंगाडे, वर ओलं फडकं. दुपार झाली तशी मी म्हटलं, आत्या, जेवून घे. "जेवतो ना वं, दादा आला का जेवतो." गाडीचा आवाज आला की उठून फाटकाशी जायची. दर वेळी ट्रकच असायचा. संध्याकाळी शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या, "भाऊ नाई आला तं चंद्राले ओवाळून घे, चालते." आत्या एकदम तडकली. "ज्याले भाऊ नाई त्यानं चंद्राले ओवाळावं. मले भाऊ आहे."

मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "दादाच्या पुस्तकात आपला तलाव आटला म्हणे?"

तिला कळलं होतं, बाबा. पाडव्याच्या दिवशी विक्रम सोनपापडीचा डबा घेऊन गेला होता तिच्याकडे. गावात कोणाशी वाकडेपणा नको म्हणून गेला असेल. बोलता बोलता त्याला कळलं की ही सरांची बहीण. त्याला इतका आनंद झाला की सगळं सांगून बसला, पुस्तक दाखवलं, नंबरसुद्धा दाखवला. आणि ही बाई एक दिवस ते पोटात ठेवून तुमच्यासाठी शिंगाडे उकडत होती.

मी रंगीत शीट, झेरॉक्स, निळा रंग सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पंच्याहत्तरच्या आंधीच आटला म्हणते तो. मंग मी ब्याऐंशीत लग्न होऊन आली, तं पाणी कायचं भरत होती?" थोड्या वेळानं पुन्हा, "अन् तो दर वर्षी इथंच बसते. या पाटावर. तलावाकडे पाठ करून."

मला वाटलं ती तुमच्यावर चिडेल. तर माझ्यावरच चिडली. "तू बापाशी इतके महिने बोलून नाई राहिली अन् मले सांगतलं नाई? काहून? मी काय मेली होती का?" मी म्हटलं, आत्या, तेच बोलत नाहीत. "तो नाई बोलत तं तू बोल. त्याचं डोकं लहानपणापासून असंच आहे, बाबानं मारलं तरी चूक कबूल नाई करे. पण उपाशी नाई राहे."

म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही. उकडलेले टिकायचे नाहीत म्हणून तिनं टोपली रिकामी केली आणि विहिरीवर जाऊन कच्चे, हिरवे शिंगाडे धुऊन ओल्या पोत्यात बांधले. ते मला वाडीला नेऊन पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ द्यायला लावले. जितूला फोन केलाय, तो उतरवून घेईल. चिठ्ठी नाही. निरोप आहे, आणि तो मी तिच्याच शब्दांत लिहितेय, तुमच्या लाल पेननं त्याला हात लावू नका. "दादाले म्हणा, एक्केचाळीस नंबरचे आहेत."

पाट तिनं उचलला नाही. अंगणात तसाच आहे, कोंबड्या बसतात त्यावर.

दामिनी


नागपूर,
९ नोव्हेंबर २०२५

बाबा,

पोतं पोचलं, जितूनं सांगितलं. तुम्ही उघडलंत, हेही सांगितलं. पुढे काय झालं तर म्हणे, "बाबांनी सोलून खाल्ले." बस, एवढंच? खाल्ले! त्या बाईनं भाऊबीजेचा घास उपाशीपोटी पोत्यात बांधून पाठवला आणि तुम्ही तो खाऊन वर सही करायचं नाव काढत नाही!

इकडे माझे काय हाल चाललेत ते ऐका. साहेबांनी मूळ रंगीत शीट आणायला सांगितली. विभागात गेले तर कपाटच नाही. रंगकाम निघालं म्हणून सगळे नकाशे तळघरातल्या स्टोअरमध्ये नेलेत. स्टोअरची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. रजेवरून आले तर म्हणतात, तासिकेवरच्या लोकांना मूळ नकाशे देता येत नाहीत, विभागप्रमुखांचं पत्र आणा. विभागप्रमुख म्हणतात, "अहो, वेबसाइटवर टाकलंय की सगळं, तिथून घ्या." मी त्यांना सांगितलं की वेबसाइटवरचं चुकलेलं आहे. तर हसून म्हणाले, "धोटे सरांची मुलगी असून नकाशा चुकला म्हणता?" सर्वेक्षण खात्याकडे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केलाय. ती येईल तेव्हा येईल. तोवर तिथे ट्रक उभे असतील.

सगळ्यांकडे कागद आहे, बाबा. विक्रमकडे आहे, विभागाकडे आहे, साहेबांच्या फायलीत आहे. आणि तलाव तिथेच आहे, वाडीच्या चौकातून बसनं जाऊन कोणीही पाय बुडवून यावं. पण बघायला कोणी जात नाही. मीही तुमच्यासारखंच केलं असतं, त्या दिवशी वर्गात पोरांना मोजायला लावलं नसतं तर. मुलांना काय शिकवू मी आता? नकाशा हा माहितीचा स्रोत आहे, पण तो कोणी आणि कशावरून काढला ते आधी विचारा, असं सांगायचं तर उदाहरण म्हणून माझ्याच बापाचं पुस्तक उघडावं लागतं. ते मी उघडत नाही. मधला आठवडाभर मी ते प्रकरणच वगळून पुढचं शिकवलं.

लहानपणी तुम्ही बैठकीत टोपोशीट पसरायचात आणि मला म्हणायचात, "चल, कन्हान नदीच्या काठानं फिरून येऊ." मी बोट ठेवून चालायचे, तुम्ही विचारायचात, आता उजवीकडे काय दिसतं? देऊळ. डावीकडे? विहीर. आई ओरडायची, जेवण थंड होतंय म्हणून. मला भूगोल आवडतो तो त्यामुळे. मला तुमची आठवण येते. हे मी लिहिणार नव्हते, पण इतकी चिडलेय की काय लिहावं आणि काय नाही, ते कळेनासं झालंय.

तुम्हाला हरवायचं नाहीये मला. चार ओळी पाहिजेत. अठरा तारखेपर्यंत.

दामिनी


नागपूर,
१९ नोव्हेंबर २०२५

बाबा,

तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हालाच कळवतेय, कारण मला प्रत पाठवावीशी तुम्हाला वाटली नाही.

काल सुनावणीला मी हात हलवत गेले होते. शीट नाही, सही नाही. आत्या नऊवारी नेसून आली होती, जणू लग्नालाच निघालीय. विक्रम समोर बसला होता, फाइल मांडीवर, मान खाली. मला वाटलं याला लाज वाटतेय. तर साहेब म्हणाले, "प्रा. धोटे यांचं टपाल थेट आमच्याकडे आलंय. एक प्रत या सल्लागारांनाही गेली आहे." म्हणजे विक्रमला प्रत, साहेबांना प्रत, आणि ज्या मुलीनं दोन महिने कागद काळे केले तिला काही नाही. मी रागानं उठणारच होते, आत्यानं पदर धरून बसवलं.

वर माझा मजकूर जोडलेला होता. त्या चार ओळींवर तुम्ही आडवी लाल रेघ मारली होती आणि समासात, "एकच तलाव का? पद्धत चुकली तर तक्ता चुकला." खाली गुण होते. साहेब चष्मा वर करून म्हणाले, "हे दहापैकी पाच काय आहे?" मी म्हटलं, ते माझे आहेत. पुढे तुम्ही कारण दिलं होतं, तेही त्यांनी सगळ्यांसमोर वाचलं. "निष्कर्ष बापाकडे पाहून काढला आहे."

मग तुमचं निवेदन. तक्ता ७ पूर्ण मागे घेत आहे. १९७५ ची शीट कृष्णधवल प्रतीवरून वाचली, त्या प्रतीत निळा रंग उतरला नव्हता. त्यामुळे नामशेष म्हणून दिलेले तलाव त्या वर्षी पाण्यानं भरलेले असण्याचीच शक्यता अधिक. या पुस्तकाच्या आधारे कोणताही तलाव कोरडा ठरवू नये. विद्यापीठालाही कळवलं आहे. ही चूक दामिनी धोटे यांनी शोधली.

माझं नाव तुम्ही पहिल्यांदा एखाद्या कागदावर संदर्भ म्हणून घातलंत, आणि ते मी एसडीओ ऑफिसात, पंख्याच्या खडखडाटात, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. मी तुमच्यावर फार चिडलेय, बाबा. आणि रडलेही, तिथेच.

एका नंबराचा मी विचार करत होते आणि तुम्ही अख्खं आयुष्य लाल करून पाठवलंत. कोणी मागितलं होतं एवढं?

शेवटची नोंद साहेबांनी दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही. "तलाव क्र. ४१, खैरगोंदी: अस्तित्वात. संदर्भ: भगिनी प्रेमलता यांच्या घरचे शिंगाडे, दर वर्षी भाऊबीजेला. प्रत्यक्ष पाहणी केली नाही. फक्त खाल्ले."

आत्या उठली. म्हणाली, "खरं आहे साहेब. पोटभर खाये." आणि तोंडाला पदर लावून बसून गेली.

विक्रमनं अहवाल तिथेच मागे घेतला. परवानगी देत नाही, असं साहेबांनी तोंडी सांगितलंय, लेखी आदेश आठवड्यात निघेल. बाहेर आल्यावर विक्रम चहा पाजतो म्हणाला. आत्यानं त्याला सांगितलं, "चहा नको. पाळीवरच्या चिंचेले ढिगारा म्हणला होता न तू? तिच्याखाली येऊन बस एक दिवस. मंग पाहू."

तुम्हीही या. पाट अजून अंगणात आहे. कोंबड्यांनी घाण केलाय, तो मी धुऊन ठेवते. ओवाळायचं राहिलंय, आत्या म्हणते तिथीबिथी काही नाही, भाऊ येईल ती भाऊबीज. परतीचं तिकीट काढू नका, तुमची खोली झाडून ठेवली आहे, आणि पोरांना वगळलेलं प्रकरण शिकवायचं आहे. ते तुम्ही शिकवा, माझ्याच्यानं होणार नाही.

या वेळी पाटावर बसायच्या आधी मागे जाऊन तलाव बघा. खायला तसंही काही मिळणार नाही, शिंगाडे संपलेत.

नमस्कार.

दामिनी